थकवा आणि तिसरा दिवस



थकवा जात नसेल तर रोज सकाळी चालायला जावे, हा सल्ला आरोग्यपुरवण्यांतून आणि दवाखान्यांतून इतक्या सहजपणे दिला जातो, की तो ज्या एका आजारात अपाय करतो त्याचे नावही बहुसंख्य वाचकांच्या कानावरून गेलेले नसते. मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे दीर्घकालीन थकव्याचा विकार, हा तो आजार होय. अनेकदा तो एखाद्या विषाणुसंसर्गानंतर जडतो आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९६९ पासून त्याची गणना मज्जासंस्थेच्या विकारांत केलेली आहे. त्याची खरी खूण श्रमोत्तर प्रकृतिऱ्हास ही आहे: पूर्वी सहज झेपणारे काम केल्यावर, बहुधा १२ ते ४८ तासांनी, अंग ठणकू लागते, मळमळते, डोके जड होते, उजेड आणि आवाज सोसवत नाही, आणि ही अवस्था कित्येक दिवस, कधी आठवडेही टिकते.

फसगत होते ती या विलंबामुळे. सोमवारी दादर स्थानकाचा पूल चढून भाजीच्या पिशव्या घरी आणल्या आणि बुधवारी मळमळ सुरू झाली, तर घरातली माणसे मंगळवारी काय खाल्ले याचा शोध घेतात, त्रासाला ‘पित्त’ हे नाव मिळते आणि सोमवारचा पूल कुणाच्या लक्षातही येत नाही. गिरगाव-लालबागच्या जुन्या चाळींत उभा लाकडी जिना, पहाटे पाणी भरणे आणि गॅलरीच्या टोकाचे सामाईक शौचालय यांना श्रम म्हणण्याची पद्धतच नाही. त्यातून दुखणे अंगावर काढणे हा ज्या गिरणगावात गुण मानला गेला, तेथे बरे वाटलेल्या दिवशी राहिलेली सगळी कामे उरकून घेणारा रुग्ण पुढच्या आठवड्याचे अंथरूण स्वतःच घालत असतो.

म्हणून वेदना आणि मळमळ यांचा पहिला उपाय श्रमाच्या आधीच योजावा लागतो. आपली मर्यादा ओळखून तिच्या अलीकडे थांबणे, कामाचे तुकडे पाडणे, दमण्यापूर्वीच पडून राहणे, या पद्धतीला शक्तिनियोजन म्हणतात. तरीही त्रास उद्भवलाच तर अंधाऱ्या, शांत खोलीत आडवे होणे हाच मुख्य उपचार ठरतो, कारण अनेक रुग्णांत उभे राहिल्यावर रक्त पायांत साचते आणि त्यानेही मळमळ वाढते. मळमळते म्हणून काहीच न घेणे चुकीचे आहे. उपाशी राहिल्याने ती वाढू शकते, तेव्हा पातळ पेज, मऊ भात, घोटघोट पाणी असे थोडे थोडे आणि वारंवार पोटात जाणे आवश्यक असते. अशा वेळी केमिस्टकडून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेनची गोळी रिकाम्या पोटी घेतल्यास जठराला इजा होऊन मळमळीत भर पडते आणि शरीरात पाणी कमी असताना मूत्रपिंडांवरही ताण येतो. या रुग्णांना औषधे सोसत नाहीत असे वारंवार आढळत असल्याने वेदनाशामक असो वा उलटी थांबवणारे औषध, ते डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि कमी मात्रेपासूनच सुरू करणे इष्ट होय. पाणीही पोटात न ठरणे, छातीत दुखणे किंवा ताप येणे हे मात्र या आजाराच्या खाती मांडून घरी बसू नये.

थकव्याचे मूळ पुष्कळदा शरीराऐवजी मनात आणि परिस्थितीत असते, म्हणून हालचाल वाढवावी, हा व्यायामाच्या बाजूने मांडला जाणारा युक्तिवाद निराधार नाही. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातील १८ ते ५० वयाच्या स्त्रियांची पाहणी २००५ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केली. तीत सुमारे १२ टक्के स्त्रियांनी किमान सहा महिन्यांचा थकवा सांगितला होता, आणि त्याचा संबंध हिमोग्लोबिनशी आढळला नाही, तर दारिद्र्य, पतीकडून होणारा लैंगिक अत्याचार आणि मानसिक अस्वास्थ्य यांच्याशी आढळला. तो निष्कर्ष मोलाचा आहे. परंतु ती पाहणी थकव्याच्या तक्रारीची होती, येथे चर्चिलेल्या विकाराची नव्हे, आणि या दोहोंना एकच औषध लावणे हीच मूळ चूक आहे. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २००७ मध्ये या विकारासाठी टप्प्याटप्प्याने वाढवत नेण्याचा व्यायाम सुचवला होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये तिनेच ती शिफारस मागे घेऊन शक्तिनियोजनाला मान्यता दिली. एवढी मोठी दुरुस्ती झाल्यावरही मुंबईतल्या थकलेल्या माणसाला जुनाच सल्ला मिळत राहावा, हे वेदनादायक आहे.

परळमध्ये १९२६ पासून उभ्या असलेल्या केईएम रुग्णालयाने २०२० मध्ये कोविडमधून उठलेल्यांसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग सुरू केला होता, यावरून या विकाराच्या रुग्णांसाठीही अशी सोय या शहराच्या आवाक्याबाहेरची नाही हे उघड आहे. रक्तक्षय, थायरॉइड, मधुमेह आणि क्षयरोग यांच्या तपासण्या आधी झाल्याच पाहिजेत. पण त्या निर्दोष निघाल्यावर ‘काही नाही, मन गुंतवा’ असे सांगून रुग्णाची बोळवण करण्याऐवजी, दमल्यानंतर दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी काय होते हा एकच प्रश्न विचारून त्याचे उत्तर केसपेपरवर लिहिले गेले, तर निदानाची दिशा पुष्कळदा तेथेच स्पष्ट होईल. महापालिकेने प्रत्येक मोठ्या रुग्णालयात अशा रुग्णांना ठरावीक वेळ द्यावी आणि प्रतीक्षेच्या जागी आडवे होण्यासाठी निदान एक बाकडे राखावे, कारण आज रांगेत उभ्याने काढलेले तीन तास रुग्णाला परवा अंथरुणाला खिळवतात, आणि डॉक्टरांपुढे तो उभा असतो तेव्हा त्यातले काहीच दिसत नसते.

— एक वाचक, लालबाग