भय हेच ठगाचे भांडवल



फोन खणखणतो. पलीकडचा इसम दरडावतो, "कर्ज थकले आहे. आजच भरा, अन्यथा अटक होईल, व्हिसा रद्द होईल." परक्या देशात बदनामीच्या धास्तीने न घेतलेल्या कर्जाचेही पैसे मुकाट्याने भरले जातात. हे भय हेच ठगाचे भांडवल होय.

वस्तुतः अमेरिकेच्या १९७७ च्या कर्जवसुली कायद्यान्वये अटकेची खोटी धमकी देणे बेकायदेशीर ठरते. वसुली एजंटास ती मुभा नाही. कर्ज कोणाचे व किती, हे त्याने पहिल्या संपर्कापासून ५ दिवसांत लेखी कळविले पाहिजे. त्यानंतर ३० दिवसांत लेखी हरकत घेतल्यास पुरावा देईपर्यंत वसुली थांबवावी लागते. हमखास कर्जाचे आमिष दाखवून फोनवर आगाऊ शुल्क मागणेही बेकायदेशीर आहे. गिफ्ट कार्डाने फेड मागणारा तर ठगच समजावा.

म्हणून आमचे आग्रहाचे सांगणे : कागद मागा, सोशल सिक्युरिटी वा बँक खात्याचा क्रमांक देऊ नका, फोन ठेवा आणि फेडरल ट्रेड कमिशनकडे तक्रार नोंदवा. मुख्य म्हणजे घरात आणि आपल्या बैठकीत मोकळेपणाने बोला. फसविले जाण्यात लाज नाही. आपण लाजेपोटी गप्प राहिलो, तर मात्र शेजारचे घर फसते.

– संपादक मंडळ