दंडाची पावती कोणाच्या नावावर?

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली वाहतुकीस पूर्णपणे खुला झाला, तेव्हा खालापूर तालुक्यातील गावांची शिवारे दुभंगली. या मार्गावर पादचाऱ्यास कायद्याने मज्जाव आहे. परंतु ज्याचे घर एका अंगाला आणि काम दुसऱ्या अंगाला, तो जीव मुठीत धरून रस्ता ओलांडतच आला. रस्त्याचा कायदा इथल्या श्रमिकाला भेटला तो असा, मोडल्यावाचून गत्यंतर नसलेला. हीच सवय घेऊन कर्जत, नेरळ वा खोपोलीचा तरुण मोटारचालक किंवा बांधकाम मजूर म्हणून आखातात जातो, तेव्हा त्याच्यापुढे काय वाढून ठेवलेले असते?

संयुक्त अरब अमिरातीचा नवा वाहतूक कायदा २९ मार्च २०२५ पासून लागू झाला. नेमून दिलेल्या जागेखेरीज रस्ता ओलांडताना अपघात घडल्यास तेथे खुद्द पादचाऱ्यालाच शिक्षा होते. रस्त्याची वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर वा अधिक असेल, तर किमान तीन महिने कैद, किमान १०,००० दिरहम दंड, किंवा दोन्ही. म्हणजे आपले दोन लाखांहून अधिक रुपये! लाल दिवा ओलांडून चालकाने कोणाचा जीव घेतला, तर किमान एक वर्ष कैद, किमान एक लाख दिरहम दंड, किंवा दोन्ही. कतारने तर १ सप्टेंबर २०२४ पासून वाहतुकीचा दंड थकलेल्यास देश सोडण्यासच मनाई केली. घरी आई अत्यवस्थ असली तरी आधी दंड, मग विमान.

गुन्हा केला तर शिक्षा भोगावी, असे कोणी म्हणेल. तत्त्व मान्य आहे. माणसाचा जीव रस्त्यावर स्वस्त होऊ नये, हे बोरघाटातील अपघात पाहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको. परंतु ठरल्या वेळेत फेऱ्या पुऱ्या करण्याची सक्ती मालक करतो आणि पावती मात्र चालकाच्या नावावर फाटते. शिवाय दंडाची रक्कम श्रीमंताला आणि मजुराला एकच. एकाचा तो खिसाखर्च, दुसऱ्याची कित्येक महिन्यांची कमाई. कायद्याची ही समता वरवरची आहे.

आपले शासन काय करते? १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखाली दहावी न झालेल्या कामगाराला आखातात जाण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. त्यासोबत विमा येतो, आणि २०१८ पासून एक दिवसाचे प्रस्थानपूर्व प्रशिक्षणही. दहावी उत्तीर्ण झालेल्यावर यांपैकी कशाचेच बंधन नाही. जणू शालान्त प्रमाणपत्र हाती आले की परदेशचे कायदे आपोआप कळू लागतात! उजव्या बाजूने गाडी हाकण्याचा सराव नसलेला चालक त्या प्रमाणपत्राच्या बळावर थेट परक्या महामार्गावर उतरतो.

म्हणून मागणी साधी आहे. प्रत्येक देशाचे वाहतूक नियम व शिक्षा सांगणारी मराठी पुस्तिका कर्जत व खालापूरच्या तहसील कार्यालयांत आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मोफत मिळावी. दहावीची अट न पाहता प्रत्येक चालकाला प्रशिक्षण द्यावे. वाहनातील दोषामुळे वा मालकाच्या हुकमामुळे झालेला दंड मालकानेच भरावा, असे कलम कामाच्या करारात सक्तीचे असावे. कामगार संघटनांनीही तरुण विमानात बसण्याआधीच त्याला गाठले पाहिजे. परदेशातून येणारा पैसा देशाला हवा असेल, तर तो मिळवणाऱ्याला तेथील कायदा अगोदर समजावून सांगणे हे शासनाचे कर्तव्य आहे. तो उपकार नव्हे.