हाताचे घट्टे काय सांगतात?

माळशिरस तालुक्यात ऊसतोड सुरू झाली, की कोयता धरून हाताला आधी फोड येतात, मग घट्टे पडतात. घट्टा म्हणजे मेलेले कातडे, असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे. वरचा थर मेलेला असतो, पण तो रचतात खालच्या जिवंत पेशी. रोज दाब आणि घर्षण होऊ लागले, की त्या भराभर वाढतात आणि वर जाड कवच चढवतात.

पेशीला दाब कळतो कसा? अमेरिकेत आर्डेम पॅटापूटियन यांच्या प्रयोगशाळेत बारीक नळीने पेशी दाबून पाहिल्या. २०१० साली त्यांना पेशीच्या आवरणातली ‘पिझो’ नावाची दारे सापडली. दाब पडताच ती उघडतात. २०२१ साली पॅटापूटियन यांना नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

अशी दारे हाडांच्या पेशींतही असतात. भार पडतो तिथे हाड भरते, भार थांबला की झिजते. म्हणून घरातली आजी अंथरुणाला खिळली असेल, तर डॉक्टरांना विचारून तिला रोज चार पावले चालवा.

पण अति भारही वाईट. डोक्यावर सतत मोळ्या वाहणाऱ्या आमच्या भगिनींची मान आणि गुडघे विश्रांतीवाचून भरून येत नाहीत. आणि साखरेचा आजार असेल, तर पायाचा घट्टा ब्लेडने मुळीच कापू नका. जखम चिघळते. दवाखान्यात दाखवा.

शरीर सोसते आणि नव्याने बांधतेही. त्या बांधणीला उसंत देणे आपल्या हाती आहे.