ओघ आणि सांठा

गेल्या महिन्यांत एका शून्यानें आम्हांस चांगलाच धडा शिकविला. एका लहानशा शिष्यवृत्ति-निधीचा हिशेब आमच्याकडे असतो. देणग्यांची यादी संगणकांत आहे व तिजवर आमच्या नातवानें पायथन भाषेंत एक आज्ञावली लिहिली आहे. तिनें देणग्यांची संख्या २१४ सांगितली आणि बेरीज मात्र शून्य! आम्हीं आधीं बेरीजच पाहिली आणि एका विद्यार्थिनीस नकाराचें पत्र लिहून ठेविलें. सुदैवानें तें टपालांत पडलें नव्हतें.

दोष यंत्राचा नव्हता. 'जनरेटर' नामक साधनाचा स्वभाव न जाणल्याचा होता.

पोळ्या दोन रीतींनीं होतात. सर्व लाटून, सर्व भाजून, चळत रचावी व मग वाढावें, ही एक रीत. पानावरून मागणी येतांच एक लाटावी, भाजावी, वाढावी व हात थांबवावा, ही दुसरी. पहिलीस मोठा डबा लागतो. दुसरीस एका पोळीपुरती जागा पुरते. जनरेटर हा दुसऱ्या रीतीचा. सन २००१ मध्यें पायथनच्या २.२ या आवृत्तींत तो आला. 'यील्ड' या शब्दापाशीं आज्ञावली एक मूल्य देऊन थांबते आणि पुन्हां मागणी होतांच, आपली स्थिति न विसरतां, तेथूनच पुढें चालूं लागते. कल्पना मात्र जुनी आहे. थांबून पुन्हां चालणाऱ्या अशा आज्ञावलींचें विवेचन मेल्विन कॉन्वे यांनीं १९६३ मध्येंच केलें होतें.

असे जनरेटर एकापुढें एक जोडले कीं माहितीचा ओघ सिद्ध होतो. पहिला एकेक ओळ वाचतो, दुसरा रिकाम्या ओळी गाळतो, तिसरा रक्कम वेगळी काढतो. मागणी शेवटून मुळाकडे जाते व माहिती मुळाकडून शेवटाकडे येते. यादी कोटि ओळींची असली तरी ती सगळी एकदम स्मृतींत मांडावी लागत नाहीं. युनिक्समध्यें १९७३ सालीं डग्लस मॅकिलरॉय यांच्या आग्रहानें आलेले 'पाइप' याच जातीचे.

परंतु वाढलेली पोळी डब्यांत परत येत नाहीं. आमच्या आज्ञावलीनें संख्या मोजतांना सारा ओघ संपविला. बेरजेच्या वांट्यास कांहींच उरलें नाहीं. आणि 'कांहीं नाहीं' याची बेरीज शून्य, हें गणिताच्या दृष्टीनें अगदीं बरोबर! म्हणून यंत्रानें तक्रार केली नाहीं.

उपाय तीन आहेत. मोजणी व बेरीज एकाच फेरींत करावी; नाहींतर प्रत्येक वेळीं ओघ मुळापासून नव्यानें काढावा; किंवा यादी लहान असल्यास सरळ सांठा करावा. आमच्या २१४ ओळींस ओघाची गरजच नव्हती. नातवानें आतां सांठाच केला आहे.

तें पत्र आम्हीं फाडिलें व होकाराचें दुसरें लिहिलें. यंत्राचें उत्तर चुकीचें नसतांही आपला प्रश्न चुकलेला असूं शकतो, एवढें लक्षांत ठेवावें.