रक्ताची साक्ष

अमेरिकेतील फ्लिंट हे कृष्णवर्णीयांची बहुसंख्या असलेले गरीब शहर. २०१४ साली पैसे वाचविण्यासाठी त्याला नदीचे पाणी दिले गेले. जुन्या नळांतील शिसे त्या पाण्यात उतरले. माता तक्रारी करीत होत्या, अधिकारी ऐकत नव्हते. २०१५ मध्ये डॉ. मोना हन्ना-अतिशा यांनी मुलांच्या रक्तातील वाढलेल्या शिशाचे आकडे मांडले, तेव्हा सरकार उघडे पडले.

महाडच्या चवदार तळ्याचा वारसा सांगणाऱ्या आम्हाला हे पाण्याचे राजकारण परके नाही. शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मग आपल्याकडे जुन्या बॅटऱ्या फोडल्या जाणाऱ्या वस्त्यांतील मुलांचे रक्त कोण तपासणार? मोजमाप नाही म्हणून पुरावा नाही, पुरावा नाही म्हणून दाद नाही! संविधानाच्या कलम २१ ने जगण्याचा हक्क दिला आहे. ही तपासणी सरकारी दवाखान्यांत मोफत झालीच पाहिजे.