गुळाची बेरीज

साखर म्हणजे विष आणि गूळ म्हणजे अमृत, अशी हल्ली टूम निघाली आहे. आमच्या लकडगंजात आरामशीनवाल्यापासून वकिलापर्यंत सगळे या पंथाचे. ‘गुळाचा चहा’ अशी पाटी लागली की ती टपरी टपरी राहत नाही, दवाखाना होते.

आमच्या बँकेतले एक सहकारी मधुमेही आहेत. पूर्वी बिचारे बिनसाखरेचा अर्धा कप घेत. आता गुळाचा पुरा कप, दिवसातून चारदा. वर मलाच सांगतात, “काही होत नाही ना भाऊ, गुळाचा आहे!”

अहो, मी बी.कॉम. आहे, वैद्य नाही. पण बेरीज मला येते. १०० ग्रॅम गुळात ६५ ते ८५ ग्रॅम साखरच असते, त्याच उसातली, तीच. उरलेल्यात पाणी, थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज आणि चिमूटभर क्षार. कॅलरी बघाल तर दोघांच्याही ग्रॅममागे चारच्या आसपास. पासबुकाला खाकी कव्हर घातलं म्हणून कर्ज फिटतं का? लोह असतं म्हणता? असतं. पण लोहासाठी गूळ खाणं म्हणजे कॅलेंडर फुकट मिळतं म्हणून कर्ज काढणं. तपासणीचा कागद आला की हे महाशय प्रयोगशाळेला दोष देतात, टपरीला नाही.

बरं, ‘केमिकल नको’ म्हणणारे हेच लोक दुकानात पिवळीधमक ढेप निवडतात. तो रंग आणायला कित्येक ठिकाणी उकळत्या रसात हायड्रॉसची पूड पडते. काळपट, बिनपुडीचा गूळ मात्र दुकानदाराकडे पडून! आणि ती ब्राउन शुगर? पुष्कळदा पांढऱ्या साखरेलाच पुन्हा मळी फासलेली. आधी धुवायचं, मग माखायचं, आणि दोन्हींचे पैसे आपण भरायचे.

गुळाशी माझं वैर नाही. कोल्हापुरी गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते योग्यच झालं. पण ज्याचं काम त्यानं करावं. तिळाच्या कडक वडीला चिकीचाच गूळ. साधा घ्याल तर वडी दाताखाली कुरकुरत नाही, बोटांना चिकटते. बेसनाच्या लाडवात पिठीसाखर किंवा बुरा, कारण जाड दाणा तुपात विरघळत नाही. रव्याच्या लाडवाला साखरेचा पाक. पाडव्याच्या गाठी साखरेच्या, प्रसादाला खडीसाखर, भाकरीबरोबर काकवी. पुरणात कुणी गूळ घालतं, कुणी साखर, कुणी निम्मंनिम्मं. त्या भांडणात मी पडत नाही, मला सासर आहे. चहात गूळ टाकून दूध उकळलंत तर ते फाटण्याची धास्ती, म्हणून टपरीवालाही गूळ शेवटी टाकतो. त्याला कळतं.

परवा इतवारीत एक गृहस्थ मिठाईवाल्याला संत्रा बर्फी गुळाची करायला सांगत होते. नागपुरात राहून!