आधी तेल, मग डिस्क
म्हसवडला सिद्धनाथाच्या रथाला पाहुणे येतात, तेव्हा वीस वर्षांपूर्वीच्या मारुती ८०० अजूनही दिसतात. याच गाड्या पाच माणसं आणि सामान घेऊन शिखर शिंगणापूरचा घाट उतरतात, आणि मालक विचारतो, "ब्रेक कमी लागतात, मोठ्या डिस्क बसवू का?" माझं ठाम मत आहे, आधी नको. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ३ प्रकारचं नवं तेल २०५ अंश सेल्सिअसच्या आत उकळत नाही. पाणी मुरलं की ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. लांब उतारावर ब्रेक तापले की त्या तेलाची वाफ होते, दाब वाफेतच जिरतो आणि पेडल थेट तळाला जातं. म्हणून दर दोन वर्षांनी तेल बदला, जमलं तर डॉट ४ भरा. सिलिकॉनचं डॉट ५ मात्र या गाडीत कधीच नको. मग चिरा पडलेले रबरी होज, गळणारे व्हील सिलिंडर, चांगले पॅड, मागच्या ड्रमचं ॲडजस्टमेंट. टायर गुळगुळीत असतील तर भारी ब्रेकही नुसतं चाक जाम करतो. घाट दुसऱ्या गिअरवर उतरा, त्याला पैसाही लागत नाही. डिस्कसाठी साठवलेल्यातले थोडे पैसे तेलावर आणि होजवर घाला, एअर नीट काढून घ्या, आणि शिंगणापूरच्या चैत्रातल्या यात्रेआधी हे काम उरकाच.